सार्वजनिक जलतरण तलावाच्या काठावरील प्रकाशयोजना

सार्वजनिक जलतरण तलावाच्या काठावरील प्रकाशयोजना म्हणजे तलावाभोवतीची चालण्याची जागा, पायऱ्या, शिड्या, उडीचे फळे आणि पाण्याचा पृष्ठभाग यांचा वापर अंधार पडल्यावरही सुरक्षितपणे करता यावा, यासाठी केलेली दिव्यांची मांडणी होय. या लेखात ‘सार्वजनिक’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. महानगरपालिका व नगरपालिकांचे तलाव, शाळा, महाविद्यालये व क्रीडासंकुले यांचे तलाव, तसेच हॉटेल, क्लब, रिसॉर्ट आदींनी शुल्क घेऊन चालविलेले व्यावसायिक तलाव यांचा त्यात समावेश होतो. एका कुटुंबापुरत्या खासगी तलावाचा विचार येथे केलेला नाही.

या प्रकाशयोजनेकडून दोन अपेक्षा असतात. काठावर चालणाऱ्याला पायाखालची ओली फरशी दिसली पाहिजे आणि काठावर उभ्या असलेल्या जीवरक्षकाला तलावाचा तळ दिसला पाहिजे. पहिली अपेक्षा पूर्ण झाली म्हणजे दुसरी आपोआप पूर्ण होते असे नाही. चुकीच्या जागी लावलेला प्रखर दिवा काठ उजळतो, पण पाण्याच्या पृष्ठभागावर चकाकी निर्माण करून तळ झाकून टाकतो. शिवाय दिवा म्हणजे विद्युत उपकरण, आणि ते ओल्या अंगाने वावरणाऱ्या माणसांच्या जवळ बसवावे लागते. त्यामुळे या विषयात प्रकाशाचे नियम व विद्युत सुरक्षिततेचे नियम यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

काठाची व्याप्ती

तलावाच्या भिंतीच्या वरच्या कडेपासून बाहेर पसरलेल्या फरसबंद पट्ट्याला काठ किंवा डेक म्हणतात. पाणी ओसंडून वाहून नेणारी पन्हळ व तिच्यावरील जाळी, शिड्यांचे कठडे, शर्यतीच्या आरंभाचे चौथरे, उडीचे फळे, जीवरक्षकाची उंच खुर्ची, काठावरील शॉवर आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांकडे जाणारी वाट हे सर्व काठाचे भाग होत. पाण्याची खोली दर्शविणारे आकडे व ‘येथे सूर मारू नये’ यांसारख्या सूचनाही बहुधा काठावरच रंगविलेल्या असतात. दिवसा ठळक दिसणारा खोलीचा आकडा रात्री वाचता आला नाही, तर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून प्रकाशयोजनेचा आराखडा करताना सूचना, पायऱ्यांच्या कडा व पन्हळीची जाळी यांवर सावली पडणार नाही हे पाहावे लागते.

भारतातील नियमांची रचना

भारतात तलावाच्या काठावरील दिव्यांची आवश्यकता एकाच दस्तऐवजात मांडलेली नाही. इमारतीचे नियम, प्रदीपनाची मानके, विद्युत सुरक्षिततेचे विनियम आणि अग्निसुरक्षेचा कायदा यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

राष्ट्रीय इमारत संहिता. भारतीय मानक ब्यूरो ही संहिता प्रकाशित करते. तिची पहिली आवृत्ती १९७० साली निघाली. त्यानंतर १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. संहितेचा भाग ८ इमारत सेवांविषयी असून त्यातील विभाग १ मध्ये प्रकाश व नैसर्गिक वायुवीजन, तर विभाग २ मध्ये विद्युत व्यवस्था यांचे मार्गदर्शन आहे. भाग ४ हा अग्नी व जीवितसुरक्षेचा असून सुटकेच्या मार्गांवरील आपत्कालीन प्रकाशाचा विचार त्यात येतो. संहिता स्वतः कायदा नाही. स्थानिक बांधकाम नियमावलीने तिचा आधार घेतला म्हणजे तिच्या तरतुदींना बंधनकारकता येते.

महाराष्ट्राची एकात्मिक नियमावली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई व काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यातील नियोजन प्राधिकरणांना ती लागू आहे. कोल्हापूर महानगरपालिकेचे क्षेत्रही तिच्या कक्षेत येते. इमारतीतील विद्युत, प्रकाश आदी सेवांच्या आखणीसाठी ही नियमावली राष्ट्रीय इमारत संहितेकडे निर्देश करते. त्यामुळे बांधकाम परवानगीसाठी नकाशे सादर करणाऱ्या वास्तुविशारदाला तलावाच्या प्रकाशाचा विचार संहितेच्या आधारे करावा लागतो.

विद्युत विनियम. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षितता व विद्युतपुरवठ्यासंबंधी उपाययोजनांचे विनियम २०१० मध्ये केले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. विद्युत काम परवानाधारक ठेकेदाराकडून व्हावे, भूसंपर्कन म्हणजे अर्थिंग योग्य असावे आणि गळती प्रवाहापासून संरक्षण असावे, या अपेक्षांचा उगम या विनियमांत आहे. तारजोडणीसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि गळती प्रवाहावर पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीसाठी आयएस १२६४० ही भारतीय मानके वापरली जातात.

अग्निसुरक्षा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ज्या इमारतींना लागू होतो, तेथील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, घेऊन सादर करावे लागते. बंदिस्त तलाव किंवा हॉटेलच्या इमारतीतील तलाव यांच्या बाबतीत ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

प्रदीपनाचे प्रमाण

एखाद्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरमागे पडणाऱ्या प्रकाशाला प्रदीपन म्हणतात व ते लक्स या एककात मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की प्रदीपन एक लक्स होते. अंतर्गत प्रकाशयोजनेचे भारतीय मानक आयएस ३६४६ आणि राष्ट्रीय इमारत संहिता यांत प्रदीपनाची एक चढती श्रेणी दिली आहे : २०, ३०, ५०, ७५, १००, १५०, २००, ३००, ५०० लक्स आणि त्यापुढे. श्रेणीतील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे दीडपट आहे, कारण डोळ्याला जाणवेल असा लहानात लहान फरक साधारण तेवढा असतो. माणसाचा चेहरा जेमतेम ओळखता येण्यास सुमारे २० लक्स लागतात, असेही या मानकात नमूद आहे. प्रत्येक उपयोगासाठी तीन आकड्यांचा पट्टा देण्याची या मानकांची पद्धत असून मधला आकडा सर्वसाधारण परिस्थितीसाठी असतो. चुकीचा परिणाम गंभीर असेल तेथे वरचा आकडा घ्यावा, असे तत्त्व आहे. जेथे चूक लक्षात यायला उशीर झाल्यास जीव जाऊ शकतो, त्या तलावाला हे तत्त्व सरळ लागू पडते.

परदेशांतील काही मानके तुलनेसाठी उपयुक्त आहेत :

• अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आदर्श जलक्रीडा आरोग्य संहितेत बंदिस्त तलावाच्या जलपृष्ठासाठी किमान ३२३ लक्स, उघड्या तलावाच्या जलपृष्ठासाठी १०८ लक्स आणि काठासाठी १०८ लक्स सांगितले आहेत. हे आकडे अनुक्रमे ३०, १० व १० फूट-कँडल यांचे रूपांतर आहेत. एक फूट-कँडल म्हणजे सुमारे १०.७६ लक्स.

• अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या इमारत संहितेत रात्री वापरल्या जाणाऱ्या उघड्या सार्वजनिक तलावाच्या जलपृष्ठावर व ओल्या काठावर किमान ३ फूट-कँडल, तर बंदिस्त तलावात १० फूट-कँडल प्रकाश लागतो.

• युरोपातील क्रीडाप्रकाशाच्या ईएन १२१९३ या मानकात पोहण्यासाठी तीन वर्ग केले आहेत : वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी ५०० लक्स, मधल्या दर्जासाठी ३०० लक्स आणि सराव व मनोरंजनासाठी २०० लक्स.

एकाच देशातील दोन दस्तऐवजांत उघड्या तलावाच्या काठासाठी तिप्पट फरक दिसतो. त्याचे कारण असे की काही नियम केवळ अडखळणे व घसरणे टाळण्यापुरता प्रकाश मागतात, तर काही नियम जीवरक्षकाची नजर गृहीत धरून मागतात. म्हणून कोणताही आकडा स्वीकारताना तो कोणत्या उद्देशाने ठरविला आहे, हे पाहणे आवश्यक असते.

समप्रमाणता

सरासरी लक्स पुरेसे असले तरी एखादा कोपरा अंधारात राहू शकतो. यासाठी समप्रमाणता मोजतात; किमान प्रदीपनाला सरासरी प्रदीपनाने भागले की ती मिळते. समजा, काठावरील सरासरी ११० लक्स आहे, पण खोल बाजूच्या शिडीजवळ ३० लक्सच आहेत. तर समप्रमाणता सुमारे ०.२७ येते. कागदावर सरासरीचा नियम पाळला गेला, तरी शिडीची जागा अंधारीच राहिली. उजेडातून अंधाऱ्या पट्ट्यात जाताना डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि नेमक्या त्या क्षणी पाय घसरतो. त्यामुळे मोठ्या क्षमतेचे दोन दिवे लावण्यापेक्षा लहान क्षमतेचे अधिक दिवे सगळीकडे विखरून लावणे श्रेयस्कर मानले जाते.

गणनेचे उदाहरण

आवश्यक प्रकाशाचा स्थूल अंदाज पुढील सूत्राने काढतात : लागणारे ल्युमेन = (प्रदीपन × क्षेत्रफळ) ÷ (उपयोगिता गुणांक × देखभाल गुणांक). दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा किती भाग हव्या त्या पृष्ठभागावर पोहोचतो, हे उपयोगिता गुणांक सांगतो. धूळ व दिव्याचे वय यांमुळे प्रकाश किती उरतो, हे देखभाल गुणांक सांगतो.

समजा, तलाव २५ मीटर लांब व १२.५ मीटर रुंद आहे आणि त्याभोवती सर्व बाजूंनी ३ मीटरचा काठ आहे. बाहेरची मापे ३१ × १८.५ मीटर होतात. एकूण क्षेत्रफळ ५७३.५ चौरस मीटर. त्यातून तलावाचे ३१२.५ चौरस मीटर वजा केले की काठाचे २६१ चौरस मीटर उरतात. सरासरी १०० लक्स हवे असतील आणि उपयोगिता गुणांक ०.४ व देखभाल गुणांक ०.७ धरला, तर २६,१०० ला ०.२८ ने भागून सुमारे ९३,००० ल्युमेन येतात. दर वॅटला १०० ल्युमेन देणारे एलईडी दिवे वापरले, तर केवळ काठासाठी सुमारे ९३० वॅट लागतील. देखभाल गुणांक धरलाच नाही, तर उत्तर सुमारे ६५,००० ल्युमेन येते. अशी योजना पहिल्या दिवशी नियमात बसते आणि दिवे जुने झाल्यावर नियमाखाली जाते. एलईडी दिव्याचे आयुष्य म्हणून सांगितले जाणारे तास हे बहुधा त्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास असतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

चकाकी व पाण्यावरील परावर्तन

पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश अंशतः परावर्तित होतो व अंशतः आत शिरतो. किती प्रकाश परावर्तित होईल, हे आपतन कोनावर अवलंबून असते. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे २ टक्के भाग परावर्तित होतो. लंबाशी ६० अंशांचा कोन केल्यास हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. ८० अंशांना मात्र ते ३५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे तलावापासून दूर, कमी उंचीच्या खांबावर आडवा रोखलेला फ्लडलाइट पाण्याला तिरका भिडतो, त्याचा मोठा भाग पृष्ठभागावरून उसळून समोरच्या काठावरील माणसाच्या डोळ्यांत जातो आणि पाण्याखाली काय आहे ते दिसेनासे होते.

ही अडचण टाळण्यासाठी तीन उपाय केले जातात. पहिला, दिवे पुरेशा उंचीवर ठेवून त्यांचा झोत अधिक खाली वळविणे. दुसरा, मुख्य दिव्यांच्या झोताची दिशा तलावाच्या लांब बाजूंकडून अशी ठेवणे की जीवरक्षकाच्या खुर्चीसमोर परावर्तित प्रतिमा येणार नाही. तिसरा, तलावाच्या भिंतीत पाण्याखालचे दिवे बसविणे. पाण्याखालच्या दिव्यांमुळे तळाचा प्रकाश वाढतो आणि पृष्ठभागावरील चकाकीचा पडदा तुलनेने फिका पडतो. तथापि हे दिवे काठावरच्या दिव्यांचा पर्याय नाहीत, कारण त्यांचा प्रकाश काठावरील फरशीवर पुरेसा पडत नाही.

दिव्याच्या रंगालाही महत्त्व आहे. उच्च दाबाच्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश पूर्वी रस्त्यांवर सर्रास दिसे. त्यात रंगांची ओळख नीट पटत नाही. पाण्यातून बाहेर काढलेल्या व्यक्तीचे ओठ निळे पडले आहेत का, हे त्या प्रकाशात लवकर कळत नाही. म्हणून काठावर रंगदर्शकता चांगली असलेला पांढरा प्रकाश निवडतात.

पाणी गढूळ असेल, तर कोणतीही प्रकाशयोजना तळ दाखवू शकत नाही. पाण्यातील सूक्ष्म कण प्रकाश विखरतात व दिवा जितका प्रखर, तितके धुके अधिक उजळते. तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे. प्रकाश व गाळण यंत्रणा यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही तो यामुळेच.

विद्युत सुरक्षितता

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध बराच जास्त असतो. ओल्या अंगाने, अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम किंवा त्याहूनही कमी होऊ शकतो. २३० व्होल्टला १,००० ओहमने भागले, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह येतो. हृदयाची लय बिघडवण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरेसा होतो. आरसीसीबीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवण्यामागे हाच हिशेब आहे.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०३६४ मालिकेतील विभाग ७०२ मध्ये तलावाच्या परिसराचे तीन पट्टे कल्पिले आहेत. आयएस ७३२ चे २०१९ मधील पुनरीक्षण याच मालिकेला अनुसरून झाले आहे.

• पट्टा ० : तलावाचा अंतर्भाग, म्हणजे जेथे प्रत्यक्ष पाणी असते. येथे केवळ सुरक्षित अत्यल्प व्होल्टेजची, म्हणजे प्रत्यावर्ती १२ व्होल्ट किंवा एकदिश ३० व्होल्टपर्यंतची उपकरणे चालतात. त्यांना पुरवठा करणारे रोहित्र तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर ठेवावे लागते. दिव्याचे आवरण पाण्यात सतत बुडून राहण्यास योग्य, म्हणजे आयपीएक्स८ दर्जाचे असावे लागते.

• पट्टा १ : तलावाच्या कडेपासून २ मीटर अंतरापर्यंत आणि जमिनीपासून २.५ मीटर उंचीपर्यंतची जागा. उडीचा फळा किंवा आरंभाचा चौथरा असेल, तर त्याच्याभोवती १.५ मीटर व त्याच्यावर २.५ मीटरपर्यंत हा पट्टा वाढतो. येथे आवरण किमान आयपीएक्स४ दर्जाचे, तर पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्या जाणाऱ्या जागी आयपीएक्स५ दर्जाचे लागते.

• पट्टा २ : पट्टा १ च्या पुढची १.५ मीटर जागा, म्हणजे कडेपासून ३.५ मीटरपर्यंत. येथे नेहमीच्या व्होल्टेजची उपकरणे चालू शकतात. मात्र त्यांना ३० मिलिअँपिअर आरसीसीबीचे किंवा तत्सम संरक्षण असावे लागते. उघड्यावरील तलावात येथेही किमान आयपीएक्स४ दर्जा लागतो.

या पट्ट्यांमधील सर्व उघडे धातुभाग, उदाहरणार्थ शिड्या, कठडे, पन्हळीच्या धातूच्या चौकटी व नळ, एकमेकांना तांब्याच्या वाहकाने जोडून संरक्षक वाहकाला जोडतात. याला समविभव जोडणी म्हणतात. तिच्यामुळे दोष उद्भवला तरी एकाच वेळी स्पर्श होऊ शकणाऱ्या दोन धातुभागांत धोकादायक व्होल्टेज निर्माण होत नाही. केवळ दिव्याच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंग दिले, पण शिडी जोडली नाही, तर हा उद्देश साधत नाही.

दिव्यांच्या जागेविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचे कलम ६८० थोड्या निराळ्या रीतीने सांगते. उघड्या तलावाच्या वर किंवा कडेपासून आडव्या अंतराने ५ फुटांच्या आत दिवा बसवायचा असेल, तर तो पाण्याच्या कमाल पातळीपासून किमान १२ फूट उंच असावा, अशी तिची सर्वसाधारण अट आहे. दोन्ही पद्धतींमागील विचार एकच आहे : पाण्यात किंवा काठावर असलेल्या माणसाचा हात, किंवा त्याच्या हातातील जाळीची लांब काठी, दिव्यापर्यंत पोहोचू नये.

आपत्कालीन प्रकाश

वीज अचानक गेली, तर पाण्यात असलेल्या पोहणाऱ्यांना काठ दिसेनासा होतो आणि जीवरक्षकाला पाण्यातील माणसे मोजता येत नाहीत. इतर सभागृहांत आपत्कालीन प्रकाशाचा उद्देश लोकांना दारापर्यंत नेणे हा असतो. तलावात त्याआधी त्यांना पाण्याबाहेर काढावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग ४ नुसार सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीच्या पातळीला किमान १० लक्स आपत्कालीन प्रकाश असावा आणि तो किमान दीड तास टिकावा. तलावाच्या बाबतीत हा मार्ग पाण्यातील शिडीपासून सुरू होतो असे समजून आखणी करणे योग्य ठरते. केवळ जनित्रावर विसंबून राहिल्यास ते सुरू होईपर्यंतचा वेळ अंधारात जातो. म्हणून बॅटरीवर चालणारे व वीज जाताच आपोआप लागणारे काही दिवे काठावर ठेवावे लागतात.

साहित्य, गंज व टांगलेले दिवे

क्लोरीनयुक्त पाण्याची वाफ धातूला गंजवते. बंदिस्त तलावात ही वाफ छताजवळ साठते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली बंदिस्त तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जणांचा मृत्यू झाला. छत तोलून धरणारे स्टेनलेस स्टीलचे गज क्लोराइडमुळे ताण-गंज होऊन तुटल्याचे निष्पन्न झाले. गंजत नाही अशी ख्याती असलेला धातूही या वातावरणात आतून तडकू शकतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होय. टांगलेल्या दिव्यांचे हुक, साखळ्या व क्लॅम्प यांनाही तो लागू पडतो. यामुळे दिवे शक्यतो पाण्याच्या नेमके वर टांगत नाहीत. काठाच्या बाहेरील बाजूस, शिडी लावून पोहोचता येईल अशा जागी बसवितात. दिवा बदलण्यासाठी तलाव रिकामा करावा लागत असेल, तर बंद पडलेला दिवा दीर्घकाळ तसाच राहण्याची शक्यता वाढते.

कोल्हापुरातील परिस्थिती

पंचगंगेचा घाट, रंकाळा, कोटितीर्थ आणि गावोगावच्या विहिरी येथे पोहणे शिकण्याची परंपरा कोल्हापुरात जुनी आहे. त्या पोहण्याला सूर्यप्रकाशाची मर्यादा होती. बांधीव तलाव आले, सकाळच्या व संध्याकाळच्या तुकड्या सुरू झाल्या आणि कृत्रिम प्रकाशाचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापूर नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली व १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. रंकाळ्याजवळील अंबाई तलाव व रमणमळा येथील तलाव हे महानगरपालिकेचे जलतरण तलाव होत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा व २०१० च्या ग्वांगजो आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविणारा वीरधवल खाडे हा जलतरणपटू कोल्हापूरचा आहे.

कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. येथे जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सातच्या किंचित नंतर होतो आणि डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणजे हिवाळ्यात सकाळी सहाची तुकडी अंधारात पाण्यात उतरते व संध्याकाळी साडेसहाची तुकडीही अंधारातच पोहते. उन्हाळी सुट्टीत, जेव्हा नवशिक्या मुलांची गर्दी सर्वाधिक असते, तेव्हा सूर्यास्त सातच्या आसपास होतो. संध्याकाळची शेवटची तुकडी संधिप्रकाशात सुरू होऊन अंधारात संपते. संधिप्रकाशाचा हा काळ फसवा असतो, कारण आकाश उजळ दिसत असताना तलावाचा तळ काळवंडलेला असतो. दिवे घड्याळाच्या ठरावीक वेळेऐवजी प्रकाश-संवेदकावर लावण्याची पद्धत यासाठी सोयीची आहे.

जून ते सप्टेंबर या काळात पावसाची झड आणि दमट हवा यांमुळे उघड्यावरील जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरण्याचा धोका वाढतो. पंचगंगेला २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. नदीलगतच्या सखल भागातील तलावांचे मुख्य विद्युत फलक व पंपघरातील रोहित्रे पुराच्या पातळीचा विचार करून उंचावर ठेवणे, पाणी परिसरात शिरण्यापूर्वी पुरवठा बंद करणे आणि पूर ओसरल्यावर तपासणीशिवाय तो सुरू न करणे, ही काळजी घ्यावी लागते. अशा तपासणीत ५०० व्होल्ट एकदिश दाबाने तारांचा विसंवाहक रोध मोजतात. २३० व्होल्टच्या मंडलासाठी तो १ मेगाओहमपेक्षा कमी नसावा.

तपासणी व देखभाल

प्रदीपनाची मोजणी पूर्ण अंधार पडल्यावर, लक्समापक फरशीच्या पातळीला ठेवून करतात. काठाचे समान चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यभागी वाचन घेतात. शिड्या, पायऱ्या, खोलीचे आकडे व जीवरक्षकाची जागा येथे स्वतंत्र वाचने घेतात. सरासरी, किमान व समप्रमाणता या तिन्हींची नोंद ठेवल्यास पुढील वर्षी तुलना करता येते.

लक्समापक जे सांगू शकत नाही, ते पाहण्यासाठी एक साधी चाचणी वापरली जाते. रात्री सर्व दिवे लावून, जीवरक्षकाच्या प्रत्येक जागेवरून तलावाच्या सर्वांत खोल भागातील तळावरची निचऱ्याची जाळी स्पष्ट दिसते का, हे पाहतात. ती दिसत नसेल, तर लक्सचे आकडे समाधानकारक असूनही तलाव रात्रीच्या वापरास सुरक्षित मानत नाहीत. ही चाचणी तलाव रिकामा असताना व गर्दी असताना, दोन्ही वेळी करणे इष्ट असते; पोहणाऱ्यांमुळे पाणी हलू लागले की चकाकी फुटून पसरते आणि शांत पाण्यात दिसलेला तळ हरवतो.

विद्युत बाजूस आरसीसीबीचे चाचणी-बटन निर्मात्याने सांगितलेल्या कालांतराने दाबून पाहणे, समविभव जोडणीचे सांधे तपासणे, दिव्यांच्या काचांवरील क्षार व कीटक साफ करणे आणि आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या पूर्ण कालावधीपर्यंत चालतात का हे पाहणे, ही नेहमीची कामे होत. पाण्याखालच्या दिव्याच्या काचेत बाष्प दिसू लागले, तर पाणी आवरणाच्या आत शिरले आहे असे समजून त्या मंडलाचा पुरवठा बंद करतात आणि दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा वापर थांबवितात.